स्लायडर घ्या, पण मार्च उलटल्यावर

धारणी तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "तीन दारांची डिझेल थार आहे, फोर बाय फोर, साडेचार वर्षं झाली. वावरात जायला पांदण आणि सासुरवाडीच्या वाटेवर तीन नाले. दाराखालचा पत्रा दोनदा दगडावर आपटला. एकदा ९,००० गेले, गेल्या पावसाळ्यात १४,०००. दोन्ही खिशातून भरले, क्लेम घेतला नाही. नागपूरच्या दुकानात तयार रॉक स्लायडर (दाराखालचा पत्रा वाचवणारी जाड पाइपची चौकट) ३८,००० ला आहे. स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) आणि एलईडी बार (जादा दिव्यांची पट्टी) धरून ६२,००० सांगतात, बारा हप्तेही करून देतात. परतवाड्याचा फॅब्रिकेशनवाला गाडीच्या फ्रेमला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) वेल्डिंग करून १६,००० त देतो म्हणतो. कापसाचे १,९०,००० हाती आहेत. सोसायटीचं पीककर्ज १,४०,००० आहे, मुदत ३१ मार्च. काय करू?"

भाऊ, ६२,००० चं पॅकेज सोडा आणि १६,००० चं वेल्डिंगही सोडा. नट-बोल्टवर बसणारा स्लायडर परतवाड्यातच करून घ्या, २२,००० च्या आत. तोही आत्ता नाही, एप्रिल-मेमध्ये.

आधी कापसाच्या पैशाचं बघू. १,९०,००० मधून सोसायटीचे १,४०,००० काढले की तुमचे खरे पैसे उरतात ५०,०००. मुदतीत भरणा केला तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचं व्याज केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून जवळपास शून्यावर येतं. मुदत हुकली की खातं थकीत, सवलत गेली. सहा टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचे ८,४०० रुपये अंगावर येतात, आणि खरिपाचं नवं कर्ज अडकतं ते वेगळंच. म्हणून त्या १,४०,००० ला हात लावू नका. दुकानाचं पॅकेज रोखीने घेतलं तर १२,००० नेमके तिथूनच जातात.

हप्त्यांचं म्हणाल तर ६२,००० चे बारा हप्ते म्हणजे महिन्याला ५,१६७. कापूस दर महिन्याला घरात येत नाही, हप्ता मात्र येतो. जून ते ऑक्टोबर घरातून पैसा फक्त बाहेर जातो. त्यातला एक हप्ता जरी बाउन्स झाला तरी दंड आणि सिबिलवरचा डाग, दोन्ही पदरात पडतात. 'बिनव्याजी' म्हणत असतील तर रोखीचा भाव वेगळा विचारा. बहुतेक वेळा व्याज तिथेच सापडतं.

उरलेल्या ५०,००० मधले २८,००० बाजूला ठेवा. सोसायटी भरल्यापासून नवं कर्ज खात्यात पडेपर्यंत मधे काही आठवडे जातात. बियाणं, नांगरट आणि घरखर्च त्याच काळात येतो. राहिले २२,०००, हे स्लायडरचे.

थांबण्याने तुमचं काही बिघडत नाही. तुमच्या पत्र्याला मार लागतो तो पावसाळ्यात, नाल्याचा काठ खचलेला असतो आणि पाण्याखालचा दगड दिसत नाही तेव्हा. उन्हाळ्यात तोच नाला कोरडा असतो, हवं तर उतरून दगड बाजूला करता येतो. मेअखेर स्लायडर बसला की पुरे.

आता तो घ्यावाच का? साडेचार वर्षांत २३,००० गेले, म्हणजे वर्षाला साधारण ५,१००. स्लायडर प्रत्येक मार वाचवणार नाही, म्हणून वर्षाला ४,००० वाचतील असं धरा. २२,००० साडेपाच वर्षांत वसूल होतात. नागपूरच्या ३८,००० ना साडेनऊ वर्षं लागतील, आणि तोवर गाडी चौदा वर्षांची झालेली असेल. गाडी विकताना स्लायडरचे पैसे कोणी वेगळे मोजून देत नाही, त्यामुळे ती आशा हिशेबात धरू नका.

क्लेम घेतला नाही हे तुम्ही बरोबर केलं. १४,००० च्या बिलातून १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,००० सक्तीची वजावट. चार वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या सुट्या भागावर ३५ टक्के घसारा, रंगाच्या मालावर ५० टक्के. हाती दहा हजारांच्या आसपास आले असते. उलट बाजूला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत बघा. सवलतीआधीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम १२,००० धरला, तर पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी शून्य सवलत म्हणजे ६,००० जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के सवलत, ३,६०० जास्त. तिसऱ्या वर्षी २५ टक्के, ३,००० जास्त. तीन वर्षांत १२,६०० गेले. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असलं तरी घसारा वाचतो, बोनस वाचत नाही. अशा दहा-पंधरा हजारांच्या जखमा विम्याच्या कामाच्या नसतात. स्लायडरला पैसे घालायचे ते नेमके यासाठी.

पण पैसे घालण्याआधी गाडीखाली झोपून एकदा बघा. खरचटल्याच्या खुणा दाराखालच्या पत्र्यावर असतील तर स्लायडर. गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर, ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) किंवा इंजिनच्या चेंबरवर असतील तर तुम्हाला स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालची जाड प्लेट) हवी, स्लायडर त्यांना वाचवत नाही. आणि गाडीला चमकता फूटबोर्ड लावलेला असेल तर तोच आधी संशयित. पातळ नळीचा तो पाय ठेवायचा बोर्ड बहुधा बॉडीलाच बोल्ट केलेला असतो. दगड बोर्डाला लागतो आणि बोर्ड पत्र्याला आत ढकलतो. स्लायडरची गोष्टच उलटी आहे: तो बॉडीला शिवत नाही, सगळा भार चेसिसच्या फ्रेमवर घेतो. म्हणूनच तो थार, बोलेरो, गुरखा, जिम्नी अशा फ्रेमवाल्या गाड्यांना शोभतो. ज्यांना वेगळी फ्रेमच नाही अशा एसयूव्हींना नाही.

परतवाड्याच्या कारागिराला काय सांगायचं ते नीट लिहून न्या. पाइप ४० एनबी (पाइपचं बाजारातलं माप), सी क्लास. बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, जाडी ४ मिमी, पाइपवर लाल पट्टा. निळा पट्टा बी क्लास (३.२ मिमी), पिवळा ए क्लास (२.९ मिमी). थारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर) २,४५० मिमी आणि चाक जवळपास ७९० मिमी, म्हणजे दोन चाकांमध्ये १,६६० मिमी मोकळी जागा. चिखलात चाक फिरायला दोन्हीकडे जागा सोडून स्लायडर दीड मीटरचा. एका बाजूला आतला पाइप दीड मीटर, बाहेरचा वाकवलेला १.९ मीटर, मधले तुकडे आणि फ्रेमकडे जाणारे तीन पाय मिळून आणखी दीड मीटर. दोन्ही बाजूंचा मिळून ९.८ मीटर पाइप, म्हणजे सहा मीटरच्या दोन लांब्या. पाय तीनच्या खाली नकोत.

इथेच फसवणूक होते. तयार झालं, काळा रंग मारला की २ मिमी आणि ४ मिमी पाइप डोळ्याला सारखाच दिसतो. त्यामुळे भाव नगाचा घेऊ नका, किलोचा घ्या आणि बसवण्याआधी जोडी कापसाच्या काट्यावर ठेवा. सी क्लास पाइप मीटरला ४.३७ किलो, म्हणून ९.८ मीटरचे ४३ किलो, प्लेटांचे आठ, एकूण ५१ किलो भरलं पाहिजे. ए क्लास वापरला असेल तर ४० किलो भरेल. ३० किंवा त्याहून कमी भरलं तर तो खिडकीच्या ग्रिलचा पाइप आहे, दगडावर पहिल्याच दिवशी चपटा होईल. मजुरीसह किलोला ३५० धरले तरी १७,८५० होतात. बोल्ट आणि रंग धरून २१,००० च्या आसपास. किलोचा भाव लावला की कारागिराला पातळ माल वापरण्यात फायदाच उरत नाही.

फ्रेमला वेल्डिंग का नको? फ्रेमवरचा कंपनीचा लेप जळतो आणि गंज आतून धरतो. तापलेली जागा ठिसूळ होऊन पुढे तडा जाऊ शकतो. फ्रेमच्या कडेने ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप, वायरिंग जातं, एका ठिणगीचं काम. शिवाय स्लायडर वाकला तर बदलता येत नाही. १६,००० स्वस्त दिसतात, पण पणाला लागते ती फ्रेम.

बोल्टने बसवताना प्रत्येक पायाला १५० बाय १०० मिमीची, ६ मिमी जाडीची प्लेट आणि फ्रेमच्या पलीकडून तेवढीच दुसरी. फ्रेमला आधीची भोकं सापडली तर तीच वापरा. नवं भोक पाडायचंच तर फ्रेमच्या उभ्या बाजूच्या मधोमध. वरच्या किंवा खालच्या बाजूला कधीच नाही, वाकण्याचा सगळा ताण तिथे असतो. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर लावा. फ्रेम पेटीसारखी पोकळ असते. आरपार बोल्ट नुसता आवळला तर भिंती आत दबतात, आठवड्यात बोल्ट सैल होतो आणि मग पाय भोकं खात बसतो. म्हणून आत जाड नळीचा स्लीव्ह घालून त्यातून बोल्ट न्यायचा. बोल्ट १२ मिमी, डोक्यावर ८.८ कोरलेलं, नायलॉक नटासह, टॉर्क रेंचने ८० ते ८५ न्यूटन-मीटर. यू-बोल्टवर काम उरकतो म्हणाला तर नाही म्हणा. दगडावर तो फ्रेमवरून घसरतो.

स्लायडर आणि बॉडीत २० ते २५ मिमी फट हवी. बॉडी रबरांवर बसलेली असते, फ्रेम पिळली की खाली-वर होते. फट नसेल तर तुमचाच स्लायडर तुमचा पत्रा दाबेल. बाहेरच्या बाजूला दहा-पंधरा अंश वर चढ द्या, म्हणजे नाल्याच्या काठावर गाडी त्यावरून सरकते आणि बॉडी दगडापासून लांब राहते. फ्रेमच्या खाली लोंबणारा स्लायडर घेऊ नका, २२६ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स पैसे देऊन घालवल्यासारखं होईल. बाहेरच्या रेषेत तो चाकावरच्या फेंडरच्या आतच राहू द्या, नाहीतर धुऱ्याच्या काटेरी तारेत आधी तोच अडकतो.

पाइपची तोंडं बंद करून खालच्या बाजूने ८ मिमीची दोन-तीन भोकं ठेवायला लावा. आत पाणी साचलं तर बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून खाल्ला जातो. पावडर कोटिंगला पैसे घालू नका. दगडावर टवका उडाला की त्याखाली गंज सरकत जातो आणि घरी दुरुस्त होत नाही. झिंक प्रायमरवर साधा काळा इनॅमल बरा, दिवाळीला ब्रशने पुन्हा मारता येतो. वर्षातून दोनदा पाय आणि फ्रेमच्या सांध्यात अडकलेली काळी माती पाण्याच्या झोताने काढा. ती ओल धरून बसते.

वेल्डिंग सगळं टेबलावर झालं पाहिजे. गाडीवर मापासाठी वेल्डिंगचे टाके मारायचेच असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा आणि अर्थिंगचा क्लॅम्प टाक्याच्या जवळच लावायला सांगा, नाहीतर ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) बिल स्लायडरपेक्षा मोठं येईल.

कायदाही याच हिशेबात येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. समोरच्या बुल बारवर केंद्राने २०१७ सालीच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं, तेव्हा कारागीर 'सोबत बंपर गार्ड पण लावून देतो' म्हणाला तर नको म्हणा. काम सुरू करण्याआधी मोजमापाचं रेखाचित्र घेऊन अमरावतीच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पक्कं बिल घ्या, विजेविना चालणारी ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत नोंदवा. न कळवता बसवलं आणि उद्या मोठा अपघात झाला, तर सर्व्हेअर पहिलं बोट त्याच्यावर ठेवेल. दुसरं बोट पांढऱ्या, म्हणजे खासगी, पाटीवर चिखलदऱ्याचे पर्यटक नेण्यावर. तुम्ही नेत असाल असं म्हणत नाही, पण नेत असाल तर क्लेम विसरा.

स्नॉर्केल आणि एलईडी बारचं दोन ओळीत सांगतो. कंपनीने ६५० मिमी पाण्याची मर्यादा दिली आहे. स्नॉर्केल इंजिनची हवा वर घेतो, पण दारातून येणारं पाणी आणि वाहून जाणारी गाडी थांबवत नाही. सिपना नदी भरून आली तर काठावर थांबायचं, त्याला खर्च नाही. बार म्हणजे चलान.

पैसे देताना निम्मे मालाला आगाऊ, तेही पाइपवरचा लाल पट्टा बघून. उरलेले जॅकच्या परीक्षेनंतर. पलीकडच्या बाजूच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडीत किंवा गाडीखाली कोणी नको. स्लायडरच्या बरोबर मधोमध जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत उचला. गाडीचं निम्मं वजन त्या पाइपवर आलं. आता दाराची फट आणि स्लायडर-बॉडीमधली फट बोटाने तपासा. खाली उतरवल्यावर पाइप जिथे होता तिथेच परत आला, फट तेवढीच राहिली आणि पायाच्या प्लेटजवळ रंगाला तडा नाही, तर उरलेले पैसे द्या. बिलावर एवढंच लिहून घ्या, की १०० किलोमीटरनंतर आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट तोच माणूस पुन्हा आवळून देईल.