न्यूट्रल रेड पहिल्यांदा वापरताय?

मस्त, पाण्यातले बारीक जीव जिवंत की मेलेले हे ओळखायचा हा रंग, आणि तू खाडीच्या पाण्यापासून सुरुवात करतोयस ते बेस्टच! आधी एवढंच सांभाळ.

१. रंग अगदी कमी. पाणी जेमतेम रंगलं की बास, नवीन पोरं भसाभस ओततात आणि जीव मरतात.

२. फॉर्मेलिन (नमुना टिकवायचं रसायन, त्याने जीव मरतात) आधी घालू नकोस, जिवंत पेशीच हा रंग आत ओढून घेते, म्हणून जिवंत कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव) लालभडक दिसतात आणि मेलेले फिके, मायक्रोस्कोपखाली ते बघायला जाम भारी वाटतं.

आणि पाणी पिवळट झालं तर रंग खराब समजून फेकू नको रे! हा रंग ६.८ पीएचच्या (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) खाली लाल, ८ च्या वर पिवळा, आणि समुद्राचं पाणी ८ च्या आसपासच असतं. वेगळ्या वाटीत थोडं तेच पाणी घेऊन लिंबू पिळून बघ, लाल होईल. कोकम नको, त्याचाच रंग लाल.

हातमोजे मात्र घाल.