‘असं सरळ विचारायचं मुलाला?’

शाळांमधल्या आत्महत्या प्रतिबंध प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा चहाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन विचारला जातो: “मॅडम, ‘आत्महत्येचा विचार येतो का’ असं मुलाला सरळ विचारलं आणि नसलेला विचार आपणच त्याच्या डोक्यात घातला तर?” ही काळजी खरी आहे. मूल दुसऱ्याचं, उद्या काही झालं तर बोट आपल्याकडे. तरीही उत्तर निःसंदिग्ध आहे: विचारल्याने विचार येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, काहींना नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर ज्यांना विचारलं त्यांची अस्वस्थता वाढलेली नव्हती. जी मुलं आधीच नैराश्यात होती, त्यांचा त्रास उलट थोडा कमी झाला होता.

घोटाळा होतो तो विचारण्याच्या पद्धतीत. खालचा प्रसंग दोन-तीन शाळांतले अनुभव एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिला आहे.

तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, नववीतला मुलगा. कबड्डीच्या संघातला, पण पंधरा दिवसांपासून सरावाला येत नव्हता. नवे बूट त्याने मित्राला देऊन टाकले. मराठीच्या निबंधात ‘मी नसलो तरी घरात कुणाचं काही अडणार नाही’ असं वाक्य होतं. वर्गशिक्षिकेच्या नजरेतून हे सुटलं नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्याला थांबवून त्या म्हणाल्या, “काय रे, काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?” “नाही बाई,” म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत प्रशिक्षण होतं. तिथे बाईंनी हे सांगितलं. त्या ‘नाही ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं आहे, हे त्यांच्या स्वतःच लक्षात आलं. असा प्रश्न ऐकून मुलाला एवढंच कळतं की बाईंना ‘नाही’ ऐकायचंय. शिवाय जागा व्हरांड्याची, आजूबाजूला चाळीस पोरं. मग तिघातिघांचे गट केले: एकाने विचारायचं, एकाने मूल व्हायचं, तिसऱ्याने ऐकायचं. ‘आत्महत्या’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारताना जवळजवळ प्रत्येकाचा आवाज खाली गेला किंवा ‘तसले विचार’ असं काहीतरी तोंडातून आलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला शब्द सरळ येऊ लागला. नुसतं व्याख्यान पुरत नाही ते यामुळेच. लक्षणांची यादी सगळ्यांना पाठ असते, पण वाक्य तोंडात बसलेलं नसतं.

त्याच दुपारी शेवटच्या तासाला बाईंनी मुलाला वाचनालयात बसवलं. समोरासमोर न बसता शेजारी, दार अर्धं उघडं, मोबाइल बंद न करता आवाज तेवढा बंद. त्या म्हणाल्या, “तू सराव सोडलास, बूट देऊन टाकलेस, निबंधात ते वाक्य लिहिलंस. म्हणून विचारते. खूप सहन होईनासं झालं की काही मुलांना मरून जावंसं वाटतं. तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?”

यानंतर विचारणाऱ्याने काही बोलायचं नसतं. हे फार जड जातं, आणि बहुतेक जण याच शांततेत ‘अरे, आयुष्य किती सुंदर आहे’ सुरू करतात. बाई थांबल्या. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, “रात्री येतो.”

मग पुढचे प्रश्न, त्याच आवाजात: कधीपासून? कसं करायचं हे मनात आलंय का? खरंच करावं असं वाटतं का? काही तयारी केली आहे का, आधी कधी प्रयत्न केलास का? योजना, करण्याचा इरादा किंवा गेल्या तीन महिन्यांतला प्रयत्न, यातलं एकही असेल तर मदत त्याच दिवशी मिळाली पाहिजे, उद्यावर टाकायचं नाही. नुसता विचार असला तरी पालक आणि समुपदेशकापर्यंत बातमी गेलीच पाहिजे. किती धोका आहे याचा निवाडा करणं मात्र शिक्षकाचं काम नाही. विचारायचं, ऐकायचं आणि मुलाला योग्य हातांत सोपवायचं, इथवर त्याची जबाबदारी.

“बाई, घरी सांगू नका,” हे वाक्य येणारच. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नये. तो मोडावा लागतो, आणि मग मूल पुन्हा कुणापुढे तोंड उघडत नाही. बाई म्हणाल्या, “सगळ्यांना नाही सांगणार. तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, पण काय सांगायचं ते आधी तुझ्याशी बोलून.” घरातूनच मारहाण होत असेल तर आधी १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनशी बोलावं. लैंगिक अत्याचार कानावर आला तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे.

मुख्याध्यापकांना निरोप शिपाईमामांमार्फत गेला. बाई मुलाला एकटं सोडून फोन करायला बाहेर गेल्या नाहीत.

वडील आले ते चिडून. “नाटकं आहेत, अभ्यास नको म्हणून.” अशा वेळी वाद घालू नये. “नाटक असेल तर आपली एक संध्याकाळ जाईल. नसेल तर?” एवढं पुरलं. पोलीस केस होईल ही भीतीही त्यांनी बोलून दाखवली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५वं कलम प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचं मानतं आणि त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. हे सांगितल्यावर त्यांचा आवाज उतरला. इथे तर प्रयत्न झालेलाच नव्हता.

शाळेला मुलाकडून लेखी हमी हवी होती, ‘मी असं काही करणार नाही’ अशी. ती घेऊ नये. अशा हमीने जीव वाचतो याला पुरावा नाही, आणि सही केलेलं मूल पुढच्या वेळी गप्प बसतं. त्याऐवजी समुपदेशकाने मुलाबरोबर अर्ध्या पानाची सुरक्षा योजना केली, मुलाच्याच शब्दांत. धोक्याची खूण: रात्री सगळे झोपल्यावर डोकं भणभणतं. स्वतः काय करायचं: अंगणात चकरा, कबड्डीच्या मॅचचे व्हिडिओ. कुणाजवळ जाऊन बसायचं: आजी. कुणाला सांगायचं: काका, मग बाई. कुणीच नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, रात्रंदिवस, मोफत, मराठीत. सर्वांत महत्त्वाचं कलम पालकांसाठी होतं: पडवीतली फवारणीची औषधं त्याच संध्याकाळी घराबाहेर, कुलपात, किल्ली काकांकडे, घरातल्या गोळ्याही तशाच. तीव्र लहर बरेचदा काही मिनिटांची किंवा तासाभराची असते. तेवढा वेळ हाताशी काही नसणं हीच मोठी राखण. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं.

प्रशिक्षण कुणाला द्यावं, याबद्दल युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळा आणि ११,११० विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास (२०१५) डोळे उघडणारा आहे. फक्त शिक्षकांना प्रशिक्षण दिलेल्या शाळांत ठळक फरक दिसला नाही. जिथे मुलांनीच भूमिका वठवून, बोलून सराव केला, तिथे वर्षभरात नवे प्रयत्न निम्म्याच्या आसपास आले. शिक्षकांना वगळा, असा याचा अर्थ नाही. मुलं आधी मित्राला सांगतात, म्हणून मित्राने ती गोष्ट मोठ्यांपर्यंत नेणं हे चहाडी नव्हे, हे वर्गात शिकवावंच लागतं. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण संस्थांतल्या शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलं आहे. त्यात शिपाई, व्हॅनचालक, वसतिगृहाच्या मावशी यांना मागच्या बाकावर बसवू नका. मुलं त्यांच्याशी मोकळी बोलतात.

मुलगा चार दिवसांनी शाळेत परतणार होता. आदल्या दिवशी बाईंनी त्याच्याशी ठरवून घेतलं: वर्गात कुणी विचारलं तर “तब्येत बरी नव्हती” एवढंच सांगायचं, बुडलेला गृहपाठ कुणी मागणार नाही, आणि जीव घाबरला तर हात वर न करता थेट वाचनालयात यायचं. पहिला आठवडा रोज दोन मिनिटं भेट, मग महिनाभर आठवड्यातून एकदा. शाळेच्या वहीत त्या तारखा आधीच लिहिलेल्या हव्यात, नाहीतर घटक चाचणी आली की भेट राहून जाते.