सणाच्या दिवसांत पाहुण्यांसाठी संत्र्याचे किंवा पेपरमिंटचे हॉट चॉकलेट घरी कसे करावे?

आपला प्रश्न असा आहे की नाताळच्या सुट्टीत घरी येणाऱ्या आठ जणांसाठी संत्र्याच्या किंवा पेपरमिंटच्या स्वादाचे हॉट चॉकलेट करायचे आहे. परंतु यापूर्वी केले तेव्हा ते पातळ झाले, कोकोच्या गुठळ्या राहिल्या आणि शेवटी संत्र्याचा रस घालताच दूध फाटले. या तिन्ही तक्रारींची कारणे निरनिराळी आहेत आणि तिन्ही टाळता येतात. पहिल्या दोन तक्रारींचे मूळ चॉकलेटच्या निवडीत आणि ते कालवण्याच्या पद्धतीत आहे. तिसरीचे मूळ मात्र स्वाद कोणत्या रूपात आणि कोणत्या वेळी घातला यात आहे, आणि सणाच्या पेयाची खरी परीक्षा तिथेच होते, म्हणून त्याविषयी अधिक विस्ताराने लिहितो.

प्रथम पातळपणाविषयी. केवळ कोको पावडर आणि साखर घालून केलेले पेय चवीला गडद असले तरी तोंडात भरीव लागत नाही, कारण कोको पावडर म्हणजे कोकोच्या बियांतील बरेचसे लोणी (कोको बटर) दाबून काढल्यावर उरणाऱ्या पेंडीची भुकटी होय. ही दाबून काढण्याची पद्धत नेदरलँड्समधील व्हॅन हाउटन कुटुंबाने 1828 मध्ये पेटंट केली. मूळ बियांत वजनाच्या सुमारे निम्मे स्निग्धांश असतो, तर नेहमीच्या कोको पावडरीत तो 10 ते 12 टक्केच उरतो. म्हणून मी दोन्ही वापरतो: घट्टपणासाठी आणि स्निग्धतेसाठी खरे चॉकलेट, गडद चवीसाठी थोडी कोको पावडर. अर्धा लिटर सायीच्या दुधाला 60 ते 70 टक्के कोको असलेले 80 ग्रॅम डार्क चॉकलेट, एक टेबलस्पून कोको पावडर, एक ते दोन टेबलस्पून साखर आणि चिमूटभर मीठ हे प्रमाण तीन मध्यम कपांना पुरते. मीठ वगळू नये. ते खारटपणासाठी नसून कडवटपणा सौम्य करण्यासाठी आहे. चॉकलेट घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य तेल असेल तर ते कंपाउंड चॉकलेट असते, आणि त्याचे पेय जिभेवर मेणचट थर सोडते.

गुठळ्या होतात त्या कोको पावडर थेट गरम दुधात टाकल्यामुळे. पावडरीतील स्टार्च बाहेरच्या बाजूने लगेच फुगून चिकट होतो आणि आतली भुकटी कोरडीच अडकून पडते. मग कितीही ढवळले तरी ती गुठळी फुटत नाही. यासाठी कोको, साखर आणि मीठ आधी कोरडेच एकत्र करावे, त्यात तीन-चार चमचे थंड दूध घालून गुळगुळीत पेस्ट करावी आणि मगच ती तापत असलेल्या दुधात सोडावी. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ढवळत हे मिश्रण उकळीला आणावे आणि एक-दोन मिनिटे हलके उकळू द्यावे, म्हणजे कोकोचा कच्चा, मातकट वास जातो आणि पेयाला किंचित दाटपणाही येतो. त्यानंतर आच बंद करून बारीक चिरलेले चॉकलेट घालावे, मिनिटभर तसेच ठेवावे आणि व्हिस्कने किंवा रवीने चांगले घुसळावे. घुसळणे ही केवळ हौस नाही. त्यामुळे कोको बटरचे बारीक कण दुधात पसरतात, तवंग कमी येतो आणि वरच्या फेसामुळे साय धरत नाही. अधिक दाट पेय आवडत असेल तर पेस्टमध्येच एक चमचा कॉर्नफ्लोअर मिसळावे. त्याहून अधिक घातल्यास पेयाची खीर होते, असे माझे मत आहे.

आता संत्र्याकडे वळू. दूध फाटले ते रसातील आम्लामुळे. दुधातील केसिन हे प्रथिन 4.6 च्या आसपासच्या सामूला (pH; हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा अधिक) साकळते. संत्र्याचा रस त्याहूनही आंबट असतो, आणि दूध गरम असल्यास ते कमी आम्लानेही फाटते. परंतु ज्याला आपण संत्र्याचा सुगंध म्हणतो तो मुख्यतः रसात नसतोच; तो सालीच्या नारिंगी थरातील तेलात असतो, आणि त्या तेलाचा बहुतांश भाग लिमोनीन या संयुगाचा असतो. हे तेल पाण्यात फारसे विरघळत नाही, मात्र साखरेचे कण ते सालीतून खरवडून काढतात आणि दुधातील स्निग्धांश ते सहज धरून ठेवतो. म्हणून संत्रे गरम पाण्याने चोळून धुवावे, बारीक किसणीने फक्त नारिंगी थर किसावा आणि तो पाककृतीतील साखरेत बोटांनी चोळावा. साखर ओलसर होऊन तिचा रंग बदलू लागला की तेल उतरले असे समजावे. खालचा पांढरा भाग कडू असतो. किसताना तो दिसू लागताच थांबून संत्रे फिरवावे. ही साखर दुधात घालून दूध वाफाळेपर्यंत तापवावे, आच बंद करून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळून घ्यावे. साखर दुधात गेली असल्यामुळे कोकोची पेस्ट या वेळी केवळ थंड दुधात, जरा अधिक घोटून करावी लागते. अर्धा लिटर दुधाला एका मध्यम संत्र्याची साल पुरते. रस मात्र एक थेंबही नको; तो सोबत वेगळा प्यावा.

पेपरमिंटचे गणित नेमके उलटे आहे. संत्र्याची साल दुधात मुरवावी लागते, तर पेपरमिंटचा अर्क भांडे आचेवरून उतरवल्यावर सर्वांत शेवटी घालावा, कारण त्याचे तेल फार लवकर उडते आणि उकळीत घातलेल्या अर्काचा सुगंध स्वयंपाकघरात दरवळतो, कपात उरत नाही. त्यातील मेन्थॉल तोंडातील थंडी ओळखणाऱ्या संवेदकांनाच चेतवते, आणि त्यामुळेच वाफाळत्या पेयातही थंडावा जाणवतो. ही गंमत थोड्या प्रमाणातच राहते. अधिक झाले की टूथपेस्टची आठवण येते. अर्धा लिटरला पाव टीस्पून अर्कापासून सुरुवात करावी, चव घ्यावी आणि मगच थेंबाथेंबाने वाढवावे. बाटलीवर अर्क आहे की तेल, हे अवश्य पाहावे. शुद्ध तेल कित्येक पटींनी तीव्र असते, ते खाण्यायोग्य दर्जाचे आहे अशी नोंद असेल तरच वापरावे आणि एखादा थेंबच पुरेसा मानावा. अर्काऐवजी ताजा पुदिना वापरायचा असल्यास पाने हाताने चुरगाळून गरम दुधात पाच मिनिटे ठेवावीत आणि काढून टाकावीत. उकळल्यास गवताचा वास येतो. तरीही पेपरमिंटचा तो ठसका येईलच असे नाही, कारण स्वयंपाकात पुष्कळदा वापरली जाणारी स्पिअरमिंट ही जात वेगळी असते आणि तिच्यात मेन्थॉल जवळजवळ नसते. पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या कांड्या कुटून वर भुरभुरवल्यास दिसायला छान दिसते, पण मग साखर तेवढी कमी करावी.

मसाल्यांबाबत एकच पथ्य पुरे: पूड टाळावी, अख्खा मसाला मुरवावा. दालचिनीची पूड विरघळत नाही, गरम दुधात ती बुळबुळीत होऊन कपाच्या तळाशी बसते. त्याऐवजी एक मध्यम तुकडा दालचिनी आणि दोन-तीन लवंगा दुधाबरोबर मंद आचेवर दहा मिनिटे ठेवून गाळाव्यात. लवंग जास्त झाली तर चॉकलेट हरवते. जायफळ कपात ओतल्यावर वरून किसावे. आले घालायचेच असेल तर सावध राहावे: ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते आणि त्याने दूध फाटू शकते, म्हणून आल्याचे काप आधी थोड्या पाण्यात पाच मिनिटे उकळून मग दूध घालावे. सुंठेची चिमूट वापरली तर हा प्रश्न सहसा येत नाही, आणि पुडीला मी केलेला तो एकमेव अपवाद आहे.

संत्रे आणि पेपरमिंट एकाच भांड्यात घालू नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. दोन्ही हवे असतील तर आठ जणांसाठी पुढील व्यवस्था सोयीची ठरते. आदल्या दिवशी 240 मिलिलिटर क्रीम वाफाळेपर्यंत तापवून ते 240 ग्रॅम चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, त्यात तीन टेबलस्पून कोको, चार टेबलस्पून साखर आणि मीठ घालून घोटावे आणि हे मिश्रण दोन बरण्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. एका बरणीसाठीच्या क्रीममध्ये आधी संत्र्याची साल मुरवून गाळून घ्यावी, दुसरी साधी ठेवावी. झाकून ठेवल्यास हे मिश्रण तीन दिवस चांगले राहते. पाहुणे आले की प्रत्येक कपात तीन ते चार टेबलस्पून मिश्रण घेऊन त्यावर साधारण 150 मिलिलिटर गरम दूध ओतावे आणि घुसळावे. पेपरमिंटच्या अर्काचे एक-दोन थेंब साध्या कपात त्याच वेळी पडतात. उकळते दूध नको, कारण जीभ भाजली तर पुढचा कोणताही स्वाद कळत नाही.

दूध न घेणाऱ्यांसाठी ओटचे दूध मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्यातील स्टार्चमुळे ते मुळातच दाट असते. त्यांच्या वाट्याचे मिश्रण क्रीमऐवजी नारळाच्या घट्ट दुधात करावे आणि चॉकलेटही दूधविरहित आहे ना, ते पाहावे. व्हाइट चॉकलेट वापरणार असाल तर साखर पूर्णपणे वगळावी. वर फेटलेले क्रीम घालायचे असल्यास क्रीम थंडगार असावे आणि त्यात किमान 30 टक्के स्निग्धांश असावा, अन्यथा ते फुलत नाही. मार्शमॅलोंत बहुधा जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून काढलेले असते. पाहुण्यांत शाकाहारी मंडळी असतील तर वेष्टन वाचून घ्यावे किंवा मार्शमॅलो वेगळ्या वाटीत ठेवून ज्याचे त्याला घालू द्यावेत.