कण-डिटेक्टरची इलेक्ट्रॉनिक सर्किट डिझाइन करायची आहेत. मग फिजिक्सकडे वळू का?

प्रश्न: मी सोलापूरला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. युरोपातल्या सर्न या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणच्या डिटेक्टरची हाय-स्पीड सर्किट डिझाइन करावीत असं फार मनात आहे. वडील म्हणतात, हे काम फिजिक्सवाल्यांचं. सर म्हणतात, प्लेसमेंटसाठी आयओटीचा प्रोजेक्ट कर. बीई झाल्यावर एमएस्सी फिजिक्स करू का? सुरुवात कुठून करू? आणि हे काम भारतात आहे का?

उत्तर: शाखा बदलू नकोस. काय मोजायचं हे भौतिकशास्त्रज्ञ ठरवतात, पण ते मोजणारी साखळी इंजिनिअर उभी करतात आणि तशी माणसं सगळीकडे कमीच पडतात. काम किती नाजूक आहे ते आकड्यांवरून बघ. ३०० मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमधून एक वेगवान कण गेला की साधारण २२ ते २४ हजार इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे जेमतेम ३.६ फेम्टोकुलॉम चार्ज. सर्नच्या एलएचसी या कण-त्वरकात प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ४ कोटी वेळा, समोरासमोर येतात. तिथल्या सीएमएस प्रयोगातला पहिल्या पायरीचा ट्रिगर (ठेवायच्या घटना निवडणारं सर्किट) त्यातल्या जास्तीत जास्त लाखभर घटना निवडतो आणि हा निर्णय त्याला सुमारे ४ मायक्रोसेकंदांत घ्यावा लागतो. तोवर डेटा पाइपलाइन मेमरीत थांबतो. निर्णयाला उशीर झाला की ती घटना पुसली जाते, परत मिळत नाही. इतका छोटा चार्ज, इतका थोडा वेळ आणि असे लाखो चॅनेल एकदम, हेच या क्षेत्राचं मर्म आहे.

फिजिक्स लागतं, पण ठरावीक. कण पदार्थात ऊर्जा कशी सोडतो, वायूत किंवा सिलिकॉनमध्ये चार्ज कसा वाहतो, इलेक्ट्रोडवर प्रवाह कसा प्रेरित होतो (शॉक्ली-रामो प्रमेय), पॉइसन वितरण आणि नॉइजचं गणित. एवढं एका सत्रात नीट होतं. दोन वर्षांच्या एमएस्सीत क्वांटम मेकॅनिक्स उत्तम शिकशील, पण तुझा हात सोल्डरिंग, लेआउट आणि व्हेरिलॉग या सर्किट लिहिण्याच्या भाषेपासून तुटेल. मला तो सौदा महागाचा वाटतो.

सुरुवात अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टपासूनच कर, पण त्याचा पहिला भाग आत्ताच हाती घे. विषय घे: एफपीजीएवर (आतलं सर्किट हवं तसं रचता येणारी चिप) टीडीसी, म्हणजे दोन पल्समधलं अंतर पिकोसेकंदांत मोजणारं सर्किट. सरांना सांग की यात एफपीजीए, टायमिंग क्लोजर (सिग्नल वेळेत पोचवणं) आणि सिग्नल इंटिग्रिटी (सिग्नलचा आकार शाबूत ठेवणं) तिन्ही येतात. व्हीएलएसआय (चिप डिझाइन) कंपन्यांच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात, त्यामुळे प्लेसमेंटचीही काळजी मिटते.

आर्टिक्स-७ ही एफपीजीए असलेला कुठलाही शिकाऊ बोर्ड पुरतो. आधी सोपा टीडीसी कर: ४०० मेगाहर्ट्झचं क्लॉक चार फेजमध्ये (प्रत्येकी पाव चक्राने सरकवून) घेतलं की २.५ नॅनोसेकंदांचे चार भाग पडतात, प्रत्येकी ६२५ पिकोसेकंदांचे. तो चालला की खरा टीडीसी. एफपीजीएमध्ये बेरजेसाठी असलेली कॅरी चेन विलंबाच्या शिडीसारखी वापरायची. क्लॉकची कड येते त्या क्षणी पल्स किती पायऱ्या चढली, हे फ्लिप-फ्लॉप नोंदवतात. इथे चुका ठरलेल्या आहेत. चेनचा तर्काच्या दृष्टीने काहीच उपयोग नाही असं समजून सिंथेसिस टूल ती उडवून टाकतं, म्हणून तिला हात न लावण्याची सूचना कोडमध्ये द्यावी लागते. चेनची जागा कन्स्ट्रेंट देऊन पक्की केली नाहीस तर प्रत्येक कंपाइलला विलंब बदलतो. क्लॉक रीजनची हद्द ओलांडताना एखादी पायरी शेजारणींपेक्षा बरीच रुंद निघते. आणि पल्स नेमकी क्लॉकच्या कडेवर आली तर पूर्ण चक्रं मोजणारा ढोबळ काउंटर एकाने चुकतो. मग उत्तरात अख्ख्या एका क्लॉकची उडी दिसते. यावर उपाय म्हणजे अर्ध्या चक्राने सरकवलेला दुसरा काउंटर ठेवायचा आणि बारीक मोजणी बघून दोघांपैकी कुणाचं ऐकायचं ते ठरवायचं.

कॅलिब्रेशनशिवाय टीडीसीला अर्थ नाही, आणि ते स्वस्तात होतं. बोर्डाच्या क्लॉकशी संबंध नसलेल्या ऑसिलेटरवरून एक लाख पल्स आत सोड आणि कुठल्या पायरीवर किती नोंदी पडल्या त्याचा हिस्टोग्राम काढ. क्लॉक २५० मेगाहर्ट्झचं असेल तर चक्र ४ नॅनोसेकंदांचं. ज्या पायरीवर ५०० नोंदी पडल्या तिची रुंदी २० पिकोसेकंद. तापमान आणि व्होल्टेज बदललं की ही रुंदीही सरकते, म्हणून कॅलिब्रेशन अधूनमधून पुन्हा करावं लागतं.

तपासणीसाठी महागडा पल्स जनरेटर नको. एकच पल्स दोन वाटांनी पाठव, एका वाटेत १ मीटर आरजी-१७४ केबल आणि दुसऱ्या वाटेत ३ मीटर. या केबलमध्ये सिग्नलला मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, तेव्हा उत्तर १० नॅनोसेकंदांच्या आसपास यायला हवं. लांब केबल २० सेंटिमीटरने कापली की ते १ नॅनोसेकंदाने घटलं पाहिजे. घटलं नाही तर दोष कोडमध्ये शोधण्याआधी केबलच्या टोकाला ५० ओहमचं टर्मिनेशन आहे का ते बघ. टर्मिनेशन नसेल, आणि पाठवणारं टोकही जुळलेलं नसेल, तर २ मीटर केबलच्या टोकावरून परतलेली पल्स पुन्हा उलटून २० नॅनोसेकंदांनी टोकाला येते आणि दुसरा कण आल्याचा भास होतो.

कॉलेजचा ऑसिलोस्कोपही फसवतो. राइज टाइम (पल्स चढायला लागणारा वेळ) १ नॅनोसेकंद असेल तर बँडविड्थ सुमारे ३५० मेगाहर्ट्झ लागते (०.३५ भागिले राइज टाइम). १०० मेगाहर्ट्झचा स्कोप त्या पल्सला साडेतीन नॅनोसेकंदांची करून दाखवतो. प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून छोटी स्प्रिंग लाव. नाहीतर दिसणारी थरथर सर्किटची नसून क्लिपच्या इंडक्टन्सची असते.

पुढची पायरी अ‍ॅनालॉगची, आणि इंजिनिअर खरा कळतो तो इथे. समज, २ नॅनोसेकंदांत सरळ चढणाऱ्या पल्स आहेत आणि पल्स आल्याची नोंद घेणाऱ्या कम्पॅरेटरचा थ्रेशोल्ड (उंबरठा) २० मिलिव्होल्ट. ४० मिलिव्होल्टची पल्स तो १ नॅनोसेकंदाला ओलांडते, २०० मिलिव्होल्टची ०.२ नॅनोसेकंदाला. कण एकाच क्षणी आले तरी ०.८ नॅनोसेकंदांचा फरक पडला. याला टाइम वॉक म्हणतात. पल्स थ्रेशोल्डच्या वर किती वेळ राहिली ते मोजून तो दुरुस्त करतात, किंवा कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर वापरतात. जिटर, म्हणजे नॉइजमुळे वेळेत होणारी थरथर, मात्र असा दुरुस्त होत नाही. तो म्हणजे नॉइज भागिले चढ. नॉइज २ मिलिव्होल्ट असेल तर छोट्या पल्सला १०० पिकोसेकंद, मोठीला २०. म्हणजे २० पिकोसेकंदांच्या टीडीसीला ढिसाळ अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर टीडीसीवरची सगळी मेहनत वाया. टीडीसीइतकाच वेळ या भागाला दे.

वेळ उरला तर १०×१० सेंटिमीटरचे दोन प्लास्टिक सिंटिलेटर (कण गेला की चमकणाऱ्या पाट्या) आणि ती चमक टिपणारे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर घेऊन कॉस्मिक म्युऑन (आकाशातून येणारे कण) मोज. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो, तेव्हा एका पाटीतून मिनिटाला शंभरेक जातील. सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेव. सकाळी २५ आणि दुपारी ४० अंश झाले, आणि फोटोमल्टिप्लायरचं ब्रेकडाउन व्होल्टेज अंशाला २० ते ५० मिलिव्होल्टने वाढत असेल, तर ३ व्होल्टच्या ओव्हरव्होल्टेजवर (ब्रेकडाउनच्या वर दिलेलं व्होल्टेज) गेन १० ते २५ टक्के घसरतो. बायसला तापमानाची भरपाई दे.

प्रत्यक्ष प्रयोगात याखेरीज किरणोत्सर्ग आणि चुंबकीय क्षेत्र येतं. कणाच्या धक्क्याने मेमरीतला बिट उलटतो, म्हणून महत्त्वाचं लॉजिक तीनदा बनवून बहुमत घेतात. सीएमएसच्या ३.८ टेस्लाच्या क्षेत्रात फेराइट संपृक्त होतं, म्हणून तिथल्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमध्ये हवेच्या गाभ्याची कॉइल असते. आता एवढं वाचून ठेव, पुरे.

भारतातल्या कामाबद्दल. सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचं (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) काम मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्था) केलं. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने सर्नच्याच एलिस प्रयोगाच्या म्युऑन डिटेक्टरसाठी मानस नावाची १६ चॅनेलची चिप डिझाइन केली आणि ती चंडीगडला बनली. बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्र) भारतातल्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेच्या आरपीसी या वायू-डिटेक्टरसाठी अनुस्पर्श ही फ्रंट-एंड चिप केली. टीआयएफआरचेच लोक उटीला ग्रेप्स-३ हा कॉस्मिक किरणांचा प्रयोग चालवतात. जुन्नरजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत कण नाहीत, पण वेगवान डिजिटायझर आणि एफपीजीएचं कौशल्य हेच लागतं. जागा मात्र थोड्या असतात, हे वडिलांना स्पष्ट सांग.

वाटा दोन. पहिली बीएआरसीची प्रशिक्षण शाळा: बीईला किमान ६० टक्के, मग गेट, त्यानंतर मुलाखत. मुलाखतीत ऑप-अँप, ट्रान्समिशन लाइन, सेटअप-होल्ड असले पाये खणून विचारतात. निवड झाली तरी नेमणूक डिटेक्टरवरच होईल असं नाही. अणुभट्टीच्या नियंत्रणाचं कामही मिळू शकतं. दुसरी वाट एमटेक मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स किंवा व्हीएलएसआय, आणि प्रबंध डिटेक्टरच्या चिपवर. मिक्स्ड-सिग्नल (अ‍ॅनालॉग आणि डिजिटल एकत्र) डिझाइनमध्ये मन रमलं तर मी हीच निवडायला सांगेन, कारण पुढे संशोधन आणि उद्योग दोन्ही खुले राहतात.

भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तिथल्या समर स्टुडंट कार्यक्रमासाठी उन्हाळ्यापर्यंत पदवीची तीन वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तू येत्या फेरीतच बसतेस. अर्जाची मुदत सहसा जानेवारीअखेर असते. शिफारसपत्रासाठी सरांना डिसेंबरच्या सुरुवातीलाच गाठ, आणि तोवर हिस्टोग्राम व केबलच्या मोजमापांचा तक्ता असलेला दोन पानी अहवाल त्यांच्या हातात दे, म्हणजे पत्रात त्यांना तुझ्या कामाबद्दल नेमकं लिहिता येईल.