एडिसनला घर, मॅनहॅटनला ऑफिस, फिलाडेल्फियाला क्लायंट: कर कुठल्या राज्याला आणि कसा भरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत पुण्याहून एच-१बी व्हिसावर निघायचं, पहिले दोन-तीन महिने डल्लासला, मग न्यू जर्सीतल्या एडिसनला बिऱ्हाड. ऑफिस न्यू यॉर्कमधल्या मॅनहॅटनला, आठवड्यातून तीन दिवस जायचं, दोन दिवस घरून काम, आणि मध्ये काही आठवडे पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या क्लायंटकडे. मग रिटर्न किती भरायचे, आणि एकाच पगारावर दोनदा कर लागतो का?

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं (फेडरल) रिटर्न एकच. राज्यांचं गणित मात्र दोन गोष्टींवर चालतं: तुम्ही राहता कुठे आणि प्रत्येक दिवशी काम कुठे बसून केलंत. राहतं राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, कामाचं राज्य तिथे कमावलेल्या भागावर. दोन्हीकडे कर लागलेल्या भागावर बाहेर भरलेला कर राहतं राज्य आपल्या करातून वजा करू देतं; खाली वजावट म्हणजे हीच. म्हणून आधी न्यू यॉर्कचं अनिवासी रिटर्न (आयटी-२०३) पुरं करायचं आणि न्यू जर्सीचं (एनजे-१०४०) सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर वजावटीचा आकडाच हातात नसतो.

डल्लासचा भाग सोपा आहे. टेक्ससमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, रिटर्नही नाही. फक्त एडिसनला राहायला आल्याची तारीख भाडेकरारासकट जपून ठेवा, कारण पहिल्या वर्षी न्यू जर्सीला तुम्ही अर्धवट वर्षाचे रहिवासी आहात. त्या तारखेआधीचा टेक्ससचा पगार न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये येत नाही. पत्ता बदलल्याचं पेरोलला त्याच आठवड्यात कळवा.

खरी गोची न्यू यॉर्कची. तिथे एक नियम आहे: ऑफिस न्यू यॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असाल, तर तो दिवस न्यू यॉर्कचाच धरला जातो. घर न्यू जर्सीत आहे म्हणून सुटका नाही. कंपनीच्या गरजेमुळे बाहेर काम करावं लागलं, तरच तो दिवस बाहेरचा. क्लायंटकडचे दिवस असे. कंपनीचं न्यू जर्सीत ऑफिस असेल आणि तुमची नेमणूक तिथेच असेल, तर चित्र पूर्ण बदलतं. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये कामाचं मुख्य ठिकाण काय लिहिलंय ते सही करण्याआधी विचारा. एच-१बी साठी कंपनी कामगार खात्याकडे जो अर्ज (एलसीए) करते, त्यात जे पत्ते आहेत, त्यांच्याशी हे दिवस जुळायला हवेत हेही लक्षात असू द्या.

आता आकडे. सोपं व्हावं म्हणून पूर्ण वर्ष एडिसनचं, एकट्याचं रिटर्न आणि पगार १,२०,००० डॉलर धरू या. आयटी-२०३-बी फॉर्मवर ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४, सुट्ट्यांचे १०, आजारपणाचे ३ आणि रजेचे १२ वजा केले की कामाचे २३६ उरतात. त्यातले मॅनहॅटनला ११८, घरून ७८, फिलाडेल्फियाला ४०. फॉर्मवर न्यू यॉर्कबाहेरच्या दिवसांत आधी ११८ लिहायचे (७८ अधिक ४०), मग त्यातले घरचे ७८ वेगळे दाखवून वजा करायचे. उरले ४०. म्हणजे न्यू यॉर्कचे दिवस १९६, आणि तिथला पगार १,२०,००० गुणिले १९६ भागिले २३६, म्हणजे ९९,६६१ डॉलर. घरचे ७८ दिवस न्यू जर्सीचे धरले तर हाच आकडा ६०,००० येतो. पुष्कळ लोक तसं भरतात आणि न्यू यॉर्कची नोटीस आली की व्याजासकट फरक भरतात.

दुसरी चूक डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेलं वर्षाचं पगारपत्रक, वाचताना होते. बॉक्स १६ मध्ये (राज्यासाठीचा पगार) न्यू यॉर्कसमोर पूर्ण पगार छापलेला असतो; ती त्या राज्याची पद्धतच आहे. खाली न्यू जर्सीसमोर पुन्हा जवळपास तेवढाच आकडा, बहुधा थोडा जास्तच, कारण आरोग्य विम्याचा करपूर्व हप्ता न्यू जर्सी वजा करू देत नाही. दोन्हींची बेरीज बघून पगार दुप्पट दाखवलाय असं वाटतं. तसं नाही, बेरीज करायचीच नसते. पण सॉफ्टवेअर बॉक्स १६ चे १,२०,००० जसेच्या तसे उचलतं. तिथे हाताने ९९,६६१ घातले नाहीत, तर वरच्या उदाहरणात न्यू यॉर्कला हजारेक डॉलर फुकट जातात, आणि त्या जादा भागाची वजावट न्यू जर्सी मान्य करेलच असं नाही.

फिलाडेल्फियाचं वेगळंच. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्यात करार आहे: एकमेकांच्या रहिवाशांच्या पगारावर राज्याचा कर लावायचा नाही. पेरोलने पेनसिल्व्हेनियाचा कर कापायला सुरुवात केली, तर आरईव्ही-४१९ हा फॉर्म भरून द्या. मात्र फिलाडेल्फिया शहराचा वेतनकर या करारात बसत नाही. अनिवासींना तो साधारण साडेतीन टक्के पडतो. ४० दिवसांचा पगार २०,३३९ डॉलर, त्यावर सातशे डॉलरच्या आसपास.

शेवटी न्यू जर्सी. १,२०,००० वर तिथला कर साधारण ५,४५० डॉलर. वजावट एनजे-सीओजे या जोडपत्रकावर मागायची, प्रत्येक ठिकाणासाठी वेगळ्या पत्रकावर. मर्यादा अशी की त्या ठिकाणी प्रत्यक्ष भरलेला कर किंवा न्यू जर्सीच्या कराचा त्या उत्पन्नापुरता वाटा, यातलं जे कमी ते. न्यू यॉर्कचा कर पाच हजारांवर जातो, पण न्यू जर्सीचा त्यापुरता वाटा ४,५३० च्या आसपास, तेवढीच वजावट. उरले सव्वानऊशे, त्यातून फिलाडेल्फियाचे सातशे. हाती भरायचे सव्वादोनशे. म्हणजे कर दोनदा लागत नाही, पण दोन राज्यांतला जास्त दराचा तुमच्या वाट्याला येतो. घरभाडं ठरवताना हे धरा.

हे सगळं ज्याच्या जोरावर उभं राहतं ती दिवसांची नोंद. पहिल्या दिवसापासून साध्या शीटमध्ये तारीख, शहर आणि कारण एवढं लिहा; ट्रेनचा पास, हॉटेलची बिलं, क्लायंटच्या इमारतीतल्या नोंदी सोबत ठेवा. एप्रिलमध्ये आठवून भरलेले दिवस तपासणीत टिकत नाहीत. शिवाय एडिसनच्या घराबरोबर न्यू यॉर्कमध्येही भाड्याची खोली कायम ठेवली आणि तिथे १८३ पेक्षा जास्त दिवस गेले, तर न्यू यॉर्क तुम्हाला रहिवासी ठरवून सगळ्या उत्पन्नावर हक्क सांगू शकतं. दिवसाचा थोडा वेळ घालवला तरी तो दिवस मोजला जातो.

पुण्यातल्या खात्यांचंही आत्ताच बघा. एनआरई (अनिवासी भारतीयांचं परदेशी कमाईचं खातं) ठेवींचं व्याज भारतात करमुक्त असलं, तरी अमेरिकेत रहिवासी ठरल्यावर ते केंद्राच्या आणि न्यू जर्सीच्या, दोन्ही रिटर्नमध्ये येतं. एनआरओवर (भारतातल्या कमाईचं अनिवासी खातं) कापलेल्या टीडीएसची वजावट केंद्र फॉर्म १११६ वर देतं, न्यू जर्सी देत नाही. तिथे फक्त दुसऱ्या अमेरिकन राज्यांचा आणि शहरांचा कर चालतो. बँका एप्रिल ते मार्चचं व्याजपत्रक देतात, इथे लागतं जानेवारी ते डिसेंबरचं. निघण्यापूर्वी शाखेत जाऊन कॅलेंडर वर्षाचं पत्रक ईमेलवर मिळेल अशी सोय करून घ्या. परदेशी खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, वेगळा भरावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक लागते.