अनुभवी खेळाडू आणखी एका वर्षासाठी परतला, तर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल संघाची विजेतेपदाची शक्यता खरंच वाढते का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा अमेरिकेत शिकतो, त्याच्या विद्यापीठाच्या संघातला सर्वांत अनुभवी खेळाडू एनबीएच्या (तिथली व्यावसायिक लीग) ड्राफ्टमधून, म्हणजे लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतून, नाव मागे घेऊन परत येतोय, आणि मुलगा फोनवर ‘यंदा आपणच’ म्हणतोय. त्यात कितपत तथ्य आहे, हा तुमचा प्रश्न.

तथ्य आहे, पण एका अटीवर. गेल्या वर्षी संघ ज्या कमतरतेमुळे हरला, ती कमतरता त्या खेळाडूच्या आजूबाजूच्यांनी भरून काढलेली असली पाहिजे. हे मी ठामपणे सांगतो, कारण असं एक अख्खं वर्ष मी जवळून पाहिलंय. मी पुण्याचा. शाळा-कॉलेजात गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, बहुधा बाहेरून खेळणारा) म्हणून खेळलो आणि पुढे एम.एस.साठी इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात गेलो.

17 मार्च 2023 ची संध्याकाळ मी विसरणार नाही. एनसीएएच्या (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) स्पर्धेत तेव्हा 68 संघ होते. चार विभाग, प्रत्येकात 1 ते 16 मानांकन, काही जागांसाठी आधी पात्रता सामने, आणि एक सामना हरला की घरी. आमच्या पर्ड्यूला पहिलं मानांकन होतं. समोर सोळावं मानांकन असलेला फेअरली डिकिन्सनचा संघ. तोही पात्रता सामना खेळून कसाबसा आत आलेला, आणि उंचीने देशातल्या पहिल्या श्रेणीतला सगळ्यात बुटका. आमच्याकडे 7 फूट 4 इंचांचा झॅक ईडी, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. आम्ही 63-58 ने हरलो. पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ही फक्त दुसरी वेळ. 2018 मध्ये व्हर्जिनिया हरलं होतं, तेवढंच. माझ्या नागपूरच्या रूममेटने टीव्ही बंद केला आणि त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

हरलो कशामुळे, तर ईडीमुळे नक्कीच नाही. त्याने 21 गुण केले, 15 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतरचा चेंडू पकडणं) घेतले. पण बाकीच्यांनी मिळून तीन गुणांचे (दूरच्या रेषेबाहेरून मारायचे) 26 फटके मारले आणि त्यातले 5 आत गेले. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोन्ही गार्ड पहिल्या वर्षाचे होते. बाहेरून काही पडत नाही हे समोरच्याला कळलं की तो बाहेरच्यांना मोकळं सोडतो आणि सगळी गर्दी सेंटरभोवती, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या ईडीसारख्या उंच खेळाडूभोवती, करतो. शेवटी शेवटी तर ईडीकडे चेंडूच नीट पोचत नव्हता.

त्यानंतर ईडी ड्राफ्टमध्ये जातो की परत येतो, यावर कॅम्पसमध्ये दोन महिने दुसरा विषय नव्हता. 31 मे ही नाव मागे घेण्याची शेवटची तारीख, आणि त्याच दिवशी तो परत येतोय असं कळलं. आम्हा भारतीय विद्यार्थ्यांना याचं जास्तच अप्रूप होतं, त्याला कारण आहे. जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावता येतात. पण ईडी कॅनडाचा, टोरंटोचा. म्हणजे आमच्यासारखाच परदेशी विद्यार्थी, आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला काम करून कमावण्यावर काय काय बंधनं असतात हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. अमेरिकन खेळाडूला परत येताना जो मोबदला दिसतो, तो त्याला जवळपास नव्हता. तरी तो आला.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. परत आलेला ईडी थोडा आणखी चांगला झाला होता, सरासरी 22 गुणांवरून 25 वर गेली. पण खरा फरक बाकीच्यांमध्ये पडला. ब्रेडन स्मिथच्या असिस्टची (ज्या पासवर सहकारी गुण करतो तो पास) सरासरी 4.4 वरून 7.5 झाली. लान्स जोन्स नावाचा गार्ड सदर्न इलिनॉयमध्ये चार वर्षं खेळून, कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष घेऊन आमच्याकडे आला; बचावात चिवट आणि बिनधास्त फटका मारणारा. मेसन गिलिससारखा जुना खेळाडू तक्रार न करता बाकावरून खेळायला तयार झाला. तीन गुणांच्या फटक्यांचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांवरून 40 च्या वर गेलं. हा एकच आकडा मी तुमच्या मुलाला पाठ करायला सांगेन. 32 टक्के असताना ईडीवर दोघं-तिघं सोडणं समोरच्याला परवडत होतं, 40 झाल्यावर परवडेना.

तो संघ 34 सामने जिंकला, 5 हरला. टेनेसीविरुद्ध ईडीने 40 गुण आणि 16 रिबाउंड केले आणि पर्ड्यू 1980 नंतर पहिल्यांदा अंतिम चारमध्ये गेलं.

हे ऐकून तुमचा मुलगा म्हणेल, बघा, म्हणजे आम्हीपण. म्हणून नॉर्थ कॅरोलायनाचं सांगतो. मला तर ते उदाहरण जास्त शिकवणारं वाटतं. 2022 च्या अंतिम सामन्यात ते कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला 15 गुणांनी पुढे होते आणि 72-69 ने हरले. सेंटर आर्मांडो बेकॉट परत आला. नुसता तोच नाही, सुरुवातीच्या पाचांतले चार जण परत आले. हंगामाआधीच्या क्रमवारीत साहजिकच पहिला क्रमांक. आणि मार्चमध्ये त्या संघाला 68 जणांत जागाही मिळाली नाही! 1985 मध्ये स्पर्धा 64 संघांची झाल्यापासून हंगामाआधी पहिला असलेल्या संघावर अशी वेळ कधीच आली नव्हती. जो एक जण गेला, तो ब्रेडी मॅनेक, बाहेरून बास्केट टाकणारा उंच खेळाडू. त्याच्या धाकाने बेकॉटला आत जागा मिळायची. तो गेला आणि संघाचं तीन गुणांचं प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. चार जण परत आल्याच्या आनंदात पाचवा गेल्याचं मोल कुणी केलं नाही.

गंमत म्हणजे बेकॉट त्यानंतर पुन्हा एकदा, पाचव्या वर्षासाठी परतला. आर. जे. डेव्हिसही राहिला. पण या वेळी भोवतीची माणसं बदलली होती: स्टॅनफर्डहून हॅरिसन इंग्रम, नोत्र दामहून कॉर्मॅक रायन. संघाला पहिलं मानांकन मिळालं, 29 सामने जिंकले आणि शेवटी अलाबामाकडून 89-87 असे दोन गुणांनी हरले. माणूस तोच, परतणंही तसंच, आणि दोन वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक.

अशीच एक जोडी आणखी आहे. 2008 चा सर्वोत्तम खेळाडू टायलर हान्सब्रो नॉर्थ कॅरोलायनाकडे परतला, सोबत लॉसन, एलिंग्टन आणि ग्रीन हे तिघंही ड्राफ्ट सोडून आले, आणि 2009 मध्ये ते विजेते झाले. 2022 चा सर्वोत्तम खेळाडू ऑस्कर श्विब्वे केंटकीकडे परतला. 2023 मध्ये कॅन्सस स्टेटविरुद्ध त्याने 25 गुण आणि 18 रिबाउंड केले, तरी केंटकी दुसऱ्याच फेरीत बाहेर.

दुखापतीतून परतणाऱ्याचं गणित वेगळं असतं, तुमच्या बाबतीत ते लागू नाही म्हणून थोडक्यात सांगतो. व्हिलानोव्हाचा जस्टिन मूर मार्च 2022 मध्ये टाचेची शीर तुटून बाहेर गेला आणि जानेवारी 2023 च्या शेवटी मैदानात आला. सगळ्यांना वाटलं आता गाडी रुळावर येईल. हंगाम 17 विजय, 17 पराभव असा संपला. टाचेच्या दुखापतीनंतर पाय पूर्वीसारखे चालायला वेळ लागतो, आणि जो संघ त्याच्याशिवाय खेळायला शिकलाय त्याला पुन्हा त्याच्यासह खेळायला शिकावं लागतं.

पर्ड्यू जिंकलं नाही, हे तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. 8 एप्रिल 2024, अंतिम सामना, समोर कनेटिकट. त्यांचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी ईडीला अडवायला जास्तीची माणसं पाठवलीच नाहीत. डोनोव्हन क्लिंगन हा त्यांचा सेंटर एकटा त्याच्याशी भिडत राहिला आणि बाकीचे चौघं आमच्या फटकेबाजांना चिकटून उभे. ईडीने 37 गुण केले. पण पर्ड्यूला अख्ख्या सामन्यात तीन गुणांचे 7 च फटके मारता आले, त्यातला एक आत गेला. 75-60. वर्षभर जी कमतरता भरून काढली, तीच नेमकी त्यांनी पुन्हा उघडी पाडली. त्या सामन्यात 20 गुण करणारा त्यांचा गार्ड ट्रिस्टन न्यूटन हाही पाचव्या वर्षाचा होता. म्हणजे अनुभवी माणूस दोन्हीकडे होता.

तेव्हा तुमच्या मुलाला सांगा, नोव्हेंबर-डिसेंबरमधले सामने नीट बघ. परत आलेला हिरो किती गुण करतो ते बघू नकोस, ते तो करणारच. त्याच्यावर दोघं धावून आले की तो चेंडू कुणाकडे देतो, तो माणूस न घाबरता फटका मारतो का, आणि हिरो दम खायला बाकावर बसतो त्या चार-पाच मिनिटांत आघाडी टिकते का, हे बघ. तुमच्या मुलाचा संघ कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळवलंत आणि गेल्या वर्षी तो कुणाकडून, कसा हरला तेही लिहिलंत, तर त्या संघाबद्दल मी जास्त नेमकं सांगू शकेन.