गोव्यात छोटा उद्योग काढायचा तर सरकारची मदत कितपत खरी?

प्रश्न थोडक्यात असा: "मूळचा साखळीचा. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली, आता गावी येऊन खाद्यपदार्थांशी संबंधित छोटा उद्योग काढावा म्हणतो. गोवा सरकार स्थानिकांना खरंच मदत करतं की सगळं जाहिरातीपुरतंच? आणि कर्ज कुठून घ्यावं?"

मदत करतं, आणि पैशाच्या बाबतीत तर बरंच करतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच. मी डिचोली तालुक्यात काजू फोडण्याचा छोटा कारखाना चालवतो. आठ बायका कामाला, एक बॉयलर, सहा कटर, एक ड्रायर. त्यामुळे जे सांगतोय ते याच मापाच्या धंद्याचं. वेर्ण्यातल्या औषध कंपन्यांचं गणित वेगळं असतं, ते मला विचारू नका.

त्याआधी माझा ट्रक होता. आमच्या पट्ट्यात धंदा म्हणजे ट्रकच. खाणीवरून माल भरायचा, जेटीवर ओतायचा, दिवसाला जितक्या खेपा तितके पैसे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. मधे थोडं सुरू झालं. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींची ८८ लीज, म्हणजे भाडेपट्टे, रद्द केली आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. या काळात सरकारने ट्रकवाल्यांना आर्थिक मदत दिली, २०१४ मध्ये खाणग्रस्तांसाठी कर्जमुक्तीची योजना आणली, ती ईडीसीमार्फत, म्हणजे गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळामार्फत, राबवली. माझ्यासारख्यांची घरं त्यामुळे वाचली, हे मी कुणासमोरही सांगेन. पण त्या पैशातून हप्ते फिटले, इतकंच. गॅरेजवाले, टायरवाले, खाणीच्या तोंडावरचे चहाचे गाडे, यांचं काय झालं ते पाळीपासून उसगावपर्यंत गाडीने एकदा जाऊन बघा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

हे ईडीसी १९७५ सालचं. पणजीत त्यांचं कार्यालय आहे. मुख्यमंत्री रोजगार योजना तेच चालवतात आणि तिच्यात २५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, बँकेपेक्षा पुष्कळ कमी व्याजाने. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदारांकडून आधी काढून ठेवा. बारा वर्षं पुण्यात होतात म्हटल्यावर तिथेच पहिला प्रश्न येईल, म्हणून शाळेचे दाखले, मतदार यादीतलं नाव, घरपट्टीच्या पावत्या, जे असेल ते गोळा करा. केंद्राच्या दोन योजना तुमच्या कामाच्या आहेत. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान, महिला आणि मागास गटांना ३५ टक्के. ते अनुदान लगेच हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. खाद्यपदार्थ म्हणालात म्हणून दुसरी, पीएमएफएमई, म्हणजे छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांची योजना: ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. आमच्या घरात मात्र हिशेब करताना अनुदान धरायचंच नाही, असा बायकोचा नियम आहे. तो मला पटतो.

यंत्रांचं कर्ज मला सरळ मिळालं. कोटेशन दिलं, प्रकल्प अहवाल दिला, माणूस येऊन जागा बघून गेला, झालं. खरी गोम पुढे आहे आणि ती कुठल्याही योजनेच्या पत्रकात लिहिलेली नसते. काजूच्या बिया मिळतात मार्च ते मे. तेवढ्या अडीच महिन्यांत वर्षभराचा माल घेऊन वाळवून ठेवावा लागतो. चार किलो बियांतून जेमतेम एक किलो गर निघतो. म्हणजे विक्री दिवाळीत, नाताळात, आणि पैसे ओतायचे एप्रिलमध्ये. कटरला कर्ज मिळतं, बियांना मिळत नाही! त्यासाठी बँकेकडून सीसी, म्हणजे खेळतं भांडवल घ्यावं लागतं. बँकेने तारण मागितलं.

तारण म्हणून मी आमचं जुनं घर आणि मागचा भाट, म्हणजे बागायत, दाखवला. नमुना एक आणि चौदावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, अजून आजोबांचं नाव. आता गोव्याचा कायदा तुम्हाला माहीत असेल, पण पुण्यात राहून विसरला असाल तर सांगतो. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे आजोबांच्या मागे मुलगे आणि मुली सगळे सारखे वारस, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको दोघंही मालक. आमच्याकडे वडील धरून तीन भाऊ, दोन बहिणी. झाल्या दहा सह्या. वडील आता नाहीत, त्यांच्या जागी आई, मी, बहीण, माझी बायको, बहिणीचा नवरा. तेरा हिशेबात धरा. एक काका कुवेतला, म्हणजे मुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीतून. फोंड्याच्या आत्याकडे मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, "सही करते रे, पण वाटणीच्या दिवशी हे मला आठवून दे." आतेमामा, म्हणजे तिचे यजमान, तोपर्यंत पेपरातून मान वर काढत नव्हते. त्यांची सही आजतागायत झालेली नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं? सासुरवाडीच्या घरावर भाच्याच्या काजूसाठी बोजा का चढवून घ्यावा कुणी?

अकरा महिने त्यात गेले. दोन हंगामांपैकी एक तर पुराच बुडाला. शेवटी दुसऱ्या एका बँकेतल्या मॅनेजरबाईंनी विचारलं, सीजीटीएमएसईखाली का नाही मागत? ही केंद्राची हमी योजना, तिच्यात तारण द्यावं लागत नाही. हमीचं शुल्क तेवढं दरवर्षी भरायचं. पहिल्या बँकेत हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. घर तसंच राहिलं, आजोबांच्या नावावर.

परवान्यांचं म्हणाल तर तीन फेऱ्यांचं काम नऊ फेऱ्यांत होईल असं धरून चाला. पंचायतीचा ना हरकत दाखला, थ्री-फेज वीज जोडणी, प्रदूषण मंडळाची संमती, खाद्य परवाना, उद्यम नोंदणी. यातली उद्यम नोंदणी घरबसल्या दहा मिनिटांत झाली. एका कार्यालयात (कुठल्या ते राहू दे) माझी फाईल सात आठवडे एकाच टेबलावर होती. दर वेळी "फाल्यां यात", म्हणजे उद्या या, म्हणायचे. गुंतवणुकीसाठी एक खिडकीचा कायदा राज्याने २०२१ मध्ये केला, पण ती खिडकी मोठ्या प्रकल्पांकडे तोंड करून आहे, आमच्यासारख्यांना अजून पाच दारं वाजवावी लागतात. त्यातल्या त्यात उपयोग झाला तो स्वयंपूर्ण गोवा मोहिमेचा. ऑक्टोबर २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा पंचायतीत येणारे 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणजे पोस्टर लावायला आणखी एक माणूस, असं मीच चारचौघांत म्हणालो होतो. आमच्याकडे आलेले अधिकारी भलत्याच खात्यातले होते, काजूचा आणि त्यांचा काही संबंध नाही. पण शनिवारी पंचायतीत बसायचे आणि कुठला कागद कुठे अडतो ते फोन करून विचारायचे. विजेची जोडणी त्यांच्यामुळे झाली.

औद्योगिक वसाहतीत जागा घ्यावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. औद्योगिक विकास महामंडळ १९६६ पासून आहे. वीस-बावीस वसाहती आहेत, डिचोलीत आहे, होंड्यात आहे, पिसुर्ल्यात आहे. पण प्लॉट घेऊन कुलूप लावून बसलेले बरेच, आणि नव्याने घ्यायचा तर तुमचं सगळं भांडवल जमिनीतच जाईल. ३७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, त्यात जंगल, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), समुद्राची पट्टी. उद्योगासाठी जमीन म्हटलं की इथे लोक रस्त्यावर येतात. २००७ च्या शेवटी तर लोकांच्या रेट्यापुढे सरकारला विशेष आर्थिक क्षेत्रंच रद्द करावी लागली होती. लोकांचं बरोबर होतं, असं माझं मत. तुम्ही गावात भाड्याची शेड बघा.

मला विचाराल तर सरकारने काजूवाल्यांसाठी केलेली सगळ्यात मोलाची गोष्ट कर्जाची नाहीच. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. पर्यटक पणजीच्या किंवा कळंगुटच्या दुकानातून 'गोवा काजू' म्हणून जी पिशवी नेतो, तिच्यात कितीदा तरी बेनिन किंवा टांझानियाचा काजू असतो. दिसायला पांढराशुभ्र आणि मोठा, आमच्या गरापेक्षा स्वस्त. आमचा काजू जरा पिवळसर, पण चव गोड. दहा वर्षं आम्ही दुकानदाराला हे चाखवून सांगत होतो आणि तो म्हणायचा, गिऱ्हाईक रंग बघतं. आता निदान नाव कुणाचं यावर बोट ठेवता येतं. फेणीला हे २००९ मध्येच मिळालं होतं, बेबिंकाला २०२३ मध्ये. नुसत्या शिक्क्याने खोटी पिशवी दुकानातून हटत नाही, त्यासाठी कुणीतरी जाऊन तपासायला हवं, ते फारसं होताना दिसत नाही. तरी म्हापशाच्या एका दुकानदाराने यंदा पहिल्यांदाच आपणहून विचारलं, "तुमच्याकडे जीआयचा कागद आहे?"

तसंच आधारभूत किमतीचं. २०२३ मध्ये बियांना किलोला १५० रुपये ठरवले, बाजारभाव खाली गेला तर फरक शेतकऱ्याच्या खात्यात. त्यासाठी कृषी कार्ड लागतं आणि विक्रीची पावती. मला वाटलं होतं, आता माल महागणार. झालं उलटंच. पावती हवी म्हणून लोक बिया सोसायटीत घालू लागले, काट्यावर मोजून, वाळवून. पूर्वी दारात येणाऱ्या पोत्यात ओल्या बिया आणि खडे असायचे. आता किलोला दोन पैसे जास्त जातात पण घट कमी येते. अशा गोष्टी पत्रकारांना दिसत नाहीत, कारण त्यांचं उद्घाटन होत नाही. हस्तकला महामंडळ मातीच्या गणपतीमागे मूर्तिकाराला ठरावीक रक्कम देतं, तेही त्याच जातीचं. आमच्या वाड्यावरचा मूर्तिकार त्यावर श्रीमंत झालेला नाही, पण त्याच्या मुलाने चिकणमाती मळणं सोडलेलं नाही.

तुम्ही नेमकं काय करणार ते लिहिलं नाहीत. कोकम, फणस, लोणची असं काही असेल तर हंगामाचं गणित माझ्यासारखंच येईल, तेव्हा खेळत्या भांडवलाची सोय यंत्रांच्या आधी बघा. नोकरी लगेच सोडू नका. मे महिन्यात पंधरा दिवस रजा काढून या, कटरवर बसून बघा, हाताला चीक लागतो, खोबरेल चोपडलं तरी आठवडाभर बोटं काळी राहतात. आणि घरच्या जमिनीवर काही करायचं ठरत असेल तर पणजीला जाण्याआधी नमुना एक-चौदाची प्रत काढा आणि तिच्यावर नाव कुणाचं आहे ते वाचा. आतेमामा असतील तर त्यांना आत्तापासूनच फोन करायला लागा.